तिसरा थर

रोझ हिल
५ फेब्रुवारी १९७८

प्रिय इंद्राणी,

बसच्या कंडक्टरनं पुडकं नीट पोचवलं असेल तर त्यात तुला लिनोलियमचे कोरलेले तुकडे, शाईचे डबे, एक रबरी रूळ आणि हे पत्र सापडेल. तुकडे पाहून तुला वाटेल, दादाला वेड लागलं, जमिनीवर अंथरायचं ते कोरत बसलाय. थोडं वेड लागलंच आहे.

आमच्या शाळेला नवा सूक्ष्मदर्शक मिळाला. मुलं घरी गेली की मी प्रयोगशाळेत थांबतो आणि हाताला लागेल ते काचेखाली ठेवून बघतो. उसाच्या कांड्याचा पातळ काप, नेच्याचं पान, माशाचा खवला. जिकडे बघावं तिकडे नक्षी. ती आधी वहीत काढायचो. मग एका दुकानदारानं उरलेलं लिनोलियम दिलं आणि मी कोरणी हातात घेतली. एका चित्राला दोनतीन ठोकळे लागतात. पहिला छापायचा, तो वाळला की त्याच कागदावर दुसरा, मग तिसरा. वरच्या थरातून खालचा डोकावला पाहिजे, तरच गंमत.

कोरायला मला जमतं. शाई कालवायला आणि छापायला जमत नाही. लग्नाआधी तू इथल्या कापडाच्या कारखान्यात शर्टांवर फुलं छापायचीस. तुझ्या हातचा रंग बघायला मालक पाहुण्यांना घेऊन यायचा, असं तुझी आई, विद्यावती मावशी, आमच्या आईला किती अभिमानानं सांगायची! म्हणून विचारतो. मी कोरतो, तू छाप. सप्टेंबरमध्ये नगरपालिकेच्या सभागृहात आपल्या बेटावरच्या चित्रकारांचं प्रदर्शन आहे. नावं दोघांची लावू.

रंग कुठले, ते मी सांगणार नाही. गडद कुठे आणि फिकट कुठे, एवढंच ठोकळ्यांच्या पाठीवर लिहिलंय. बाकी सगळं तुझं.

तुझी पुष्पावती वहिनी आणि आई बऱ्या आहेत. इंद्रदेवना आणि तुझ्या सासऱ्यांना, बाबूरावांना, नमस्कार. प्रेमचंदला गोड पापा.

तुझा
चंद्रमोहनदादा


ग्रां बुआ
२६ फेब्रुवारी १९७८

दादा,

पुडकं पोचलं. मामंजींनी लिनोलियम बघून विचारलं, "लादी कुठली फुटली?" मी म्हटलं, चित्र छापायचंय. ते काही बोलले नाहीत, गाईला चारा घालायला गेले. आमच्या मामंजींचं न बोलणं म्हणजे निम्मी परवानगी. उरलेली निम्मी यांनी दिली. साखरेच्या मिलमधून एक सपाट फळी आणली आणि तिच्या कोपऱ्यात दोन पट्ट्या ठोकून दिल्या. ठोकळा कोपऱ्याला टेकवायचा, कागदही कोपऱ्याला टेकवायचा, म्हणजे दुसरा थर पहिल्याच्या नेमका वर बसतो. नाहीतर सगळं दारू प्यायल्यासारखं दिसतं. पहिले कागद तसेच झाले. ते चुलीत गेले.

यंत्र नाही म्हणून लाकडी डावाच्या पाठीनं घासते. खांदा दुखतो. पण कागदाचं एक टोक धरून हळूच सोलून काढायचा, आणि खाली काय उमटलंय ते दिसेपर्यंत श्वास धरायचा, हे किती वर्षांनी केलं रे! कारखाना सोडला त्यानंतर आज पहिल्यांदाच.

उसाच्या कापाला मी खाली कच्च्या गुळाचा रंग दिला आणि वरच्या ठिपक्यांना जांभळा. ठिपके बाहेरच्या कडेला दाट, मधे विरळ, ते तू फार सुंदर कोरलेत. प्रेमू टेबलाला नाक लावून बघत होता. म्हणाला, "आई, हे रात्री रस्त्यावर लोक मेणबत्त्या घेऊन चाललेत." तो आता दुसरीत गेलाय. घरात बडबड्या, शाळेत म्हणे मुका.

एक विचारू? रंग सांगत का नाहीस? मी चुकले तर मला बोल, पण मनात ठेवू नकोस.

इंद्राणी


रोझ हिल
१९ मार्च १९७८

प्रिय इंद्राणी,

उसाचं चित्र भिंतीवर लावलं. कडा इतक्या जुळल्यात की पुष्पावतीनं विचारलं, यंत्र कुठून मिळालं? डावाचं ऐकून ती स्वतःचा डाव बघायला गेली.

रंगांचं मनात काही ठेवलेलं नाही. ज्याचं काम त्यानं करावं, एवढंच.

सोबत पुढचं चित्र आहे, आपलं सगळ्यात मोठं. तीन ठोकळे. पहिल्यावर किनाऱ्याजवळच्या लगूनचं पाणी, दुसऱ्यावर वाळूतल्या लाटा, तिसऱ्यावर प्रवाळ. प्रवाळाची फांदी वाढते, फुटते, तिच्या दोन होतात, मग त्या दोन फुटतात. आपल्या छातीतला श्वास ज्या नळ्यांतून जातो त्याही अशाच फुटत जातात. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा मुलं खोल श्वास घेऊन बघत होती.

प्रवाळ पाण्याहून फार गडद नको. पाण्यातच मुरलेलं वाटलं पाहिजे.

चंद्रमोहनदादा


ग्रां बुआ
२३ एप्रिल १९७८

दादा,

उशीर झाला, पण कागद उघडल्यावर रागावणार नाहीस.

पाणी मी हिरवं केलं. दुपारी सुयाकच्या बाजूला समुद्र असतो तसं नाही, ते तर कोणीही करील. पाऊस पडून गेल्यावर खोल ठिकाणी पाणी दाटतं, तसं हिरवं. वाळूच्या लाटा त्याच हिरव्यात थोडं पांढरं घालून. आणि प्रवाळ लाल. तू म्हणालास फार गडद नको, म्हणून लाल इतका कालवत गेले की त्याचं वजन, म्हणजे गडदपणा, बरोबर पाण्याच्या वजनाएवढं झालं. ना वर, ना खाली. चार दिवस तेवढंच केलं. शाई जरा जाड लावावी लागली. सोलून काढला तेव्हा ते पाण्यात पेटल्यासारखं दिसलं. हे मिलमधून आले, हात न धुताच उभे राहिले, म्हणाले, "मो दिये, इंद्राणी! देवा रे!"

कारखान्यात मी फुलं छापली, ती कोणीतरी दुसऱ्यानं काढलेली आणि रंगही दुसऱ्यानं ठरवलेले. हे पहिलं असं आहे की ज्याला मी माझं म्हणीन. तुझंही आहे, पण माझं आहे.

लवकर कळव.

इंद्राणी


रोझ हिल
४ मे १९७८

प्रिय इंद्राणी,

चित्र मिळालं. पाणी आणि लाटा फार छान जमल्या आहेत. मात्र तिसरा थर छापायचा राहिला का? चुकून दुसरा कागद पाठवलास असं दिसतं. प्रवाळ असलेला पाठव म्हणजे चौकटीला देता येईल.

शाळेत परीक्षा सुरू आहेत, म्हणून थोडक्यात.

चंद्रमोहनदादा


ग्रां बुआ
१४ मे १९७८

दादा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग यांना वाचायला दिलं, माझ्या वाचण्यात चूक असेल म्हणून.

तिसरा थर त्याच कागदावर आहे. कागदभर आहे. तू पुडकं उघडलंस तरी का? की वरवर बघून बाजूला ठेवलंस? मला आता आठवतं, आजवर तू माझ्या एकाही रंगाबद्दल शब्द बोलला नाहीस. कडा जुळल्या, कागद सरळ, ठसा स्वच्छ. हे तर शिपायालाही सांगता येतं. मी विचारलं तर म्हणालास, ज्याचं काम त्यानं करावं.

मला वाटलं होतं तू मला जोडीला घेतलंस. तुला डाव घासायला बाई हवी होती, तर तसं लिहायचं. केलं असतं, तू दादा आहेस.

इंद्राणी


रोझ हिल
२० मे १९७८

इंदू,

चूक माझी. परीक्षेच्या गडबडीत, संध्याकाळी कमी उजेडात पाहिलं. आज पुष्पावतीनं चित्र खिडकीपाशी नेऊन दाखवलं. तिसरा थर आहे आणि तो अप्रतिम आहे. तिचा शब्द आहे, आणि माझाही. चौकट करायला दिली. प्रदर्शनात हेच मधोमध लागेल.

राग सोड.

दादा


ग्रां बुआ
१८ जून १९७८

दादा,

राग गेला. माझा राग कधी टिकतो? आणि आता रागवायला वेळही नाही. कूप, ऊसतोड, सुरू झाली, मिलचा भोंगा सकाळी सगळ्यांना उठवतो, घरभर काजळी. छपाईला दार लावून बसते, तरी ओल्या शाईवर काळे कण येऊन बसतातच.

दुसरीच काळजी लागलीय, आणि ती कोणाला सांगावी कळत नाही. प्रेमूची. शाळेतल्या मास्तरानं, मिस्येनं, यांना बोलावून सांगितलं की पोरगा एकतर मठ्ठ आहे नाहीतर हट्टी, आणि पुढच्या वर्षी दुसरीतच बसवावा लागेल. कारण काय, तर फळ्यावरचं पुरं उतरवत नाही. मी वही बघितली. अक्षर सुरेख, ओळी सरळ, पण मधे मधे जागा सोडलेली. मिस्ये महत्त्वाचे शब्द लाल खडूनं लिहितो, पोरांच्या ध्यानात राहावेत म्हणून. आणि आमचा हा नेमके तेच गाळतो. बाकीचं सगळं उतरवतो. मिस्येला वाटतं मुद्दाम करतो. त्यानं छडी मारली.

मी जवळ घेऊन विचारलं, "राजा, तो शब्द का नाही लिहिलास?" म्हणतो, "मिस्येनं तिथं काय लिहिलंच नाय." "मग जागा का सोडलीस?" "त्याचा हात हलला ना, म्हणून."

खोटं बोलतोय असं मामंजींना वाटतं. पूर्वी त्याला मांडीवर घेऊन रेडिओ ऐकायचे, आता नजर वळवतात. म्हणाले, "खोटं बोलणारा आमच्या घरात झाला नाही." गेल्या महिन्यात शाळेत उसाचं शेत रंगवायला दिलं होतं, तर ह्यानं पात मातकट विटकरी रंगवली. सगळा वर्ग हसला. तेव्हापासून रंगाच्या पेट्या त्यानं बिछान्याखाली ढकलून दिल्यात. मी छापत असते तेव्हा आता टेबलापाशी येत नाही.

तू इतकी पोरं शिकवतोस. हे काय असतं? मारून जातं का, की मायेनं?

इंद्राणी


ग्रां बुआ
१६ जुलै १९७८

दादा,

माझं पत्र पोचलं नाही का? नेच्याची चित्रं कंडक्टरकडे दिली होती, ती मिळाल्याचंही कळवलं नाहीस. घरी सगळे बरे ना?

प्रेमू शाळेला जाताना आता रोज पोटात दुखतं म्हणतो.

इंद्राणी


रोझ हिल
२२ जुलै १९७८

इंदू,

तुझं जूनचं पत्र पोचलं होतं. त्यातलं ‘त्याचा हात हलला ना’ वाचलं आणि मला उत्तर लिहिता आलं नाही. रोज बसायचो, कागद पुढे घ्यायचो, उठायचो. आज उठणार नाही.

प्रेमचंद खोटं बोलत नाही आणि तो मठ्ठही नाही. फळा हिरवा आहे ना? हिरव्या फळ्यावरचा लाल खडू त्याला दिसत नाही. तुला आणि मिस्येला लाल आणि हिरवा हे दोन रंग आहेत. त्याला तो एकच रंग आहे.

मला हे ठाऊक आहे, कारण मलाही तसंच दिसतं.

तुझ्या प्रवाळाचा तिसरा थर मला दिसला नाही, इंदू. परीक्षा नव्हत्या, उजेड कमी नव्हता. मी भर दुपारी अंगणात तो कागद धरून उभा होतो. तू लाल रंगाचं वजन पाण्याएवढं केलंस, म्हणजे मला हाती धरायला जी एक गडद-फिकटाची काठी होती तीही काढून घेतलीस. तुझं इतकं अचूक काम झालं की माझ्यापुरतं ते नाहीसं झालं. तुझं रागाचं पत्र आलं तेव्हा मी काय ते समजलो, आणि पुष्पावतीला सहज विचारल्यासारखं करून तिच्या तोंडून चित्र ऐकलं. तिलाही माहीत नाही. मी निष्काळजी आहे म्हणून विजोड कपडे घालतो, असं ती समजते.

कॉलेज संपल्यावर मला बोटीवर अधिकारी व्हायचं होतं, आठवतं? आई अजून सांगते, चंद्रमोहनला समुद्र लागतो म्हणून तो गेला नाही. मला समुद्र कधीच लागला नाही. डॉक्टरनं ठिपक्यांची पानं पुढे केली, त्यात आकडे लपलेले होते. बाकीचे वाचत होते. मला नुसते ठिपके दिसले. बोटीवरच्या लाल आणि हिरव्या दिव्यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याच्या हाती बोट कोण देणार? घरी येऊन मी समुद्राचं निमित्त सांगितलं.

हे आपल्याला तुलसीराम आजाकडून आलं असणार. आजीनं चटणीला पोम दामूर, म्हणजे टोमॅटो, तोडायला पाठवलं की तो टोपलीत पिकलेली आणि कच्ची सरमिसळ आणायचा, आणि सगळी वाडी त्याला वेडा म्हणायची. त्याच्या मुलींना, म्हणजे तुझ्या आईला आणि माझ्या आईला, काही झालं नाही. पण त्यांच्यातून ते पुढे गेलं. माझ्या आईकडून माझ्यात आलं, तुझ्या आईकडून तुझ्यात आणि तुझ्याकडून प्रेमचंदमध्ये. मी दर वर्षी वरच्या वर्गाला हे फळ्यावर आकृती काढून शिकवतो, कुठल्या तरी परक्या घराण्याचं असल्यासारखं. मुलं विचारतात, सर, अशा माणसाला जग कसं दिसतं? मी म्हणतो, पुस्तकात दिलेलं नाही.

खात्री करायची असेल तर प्रवाळाचा एक ठसा तुझ्याकडे असेलच. त्याला दाखव. काही सांगू नकोस. काय दिसतं एवढंच विचार.

प्रदर्शनातून माझं नाव काढायला सांगितलंस तर मी समजू शकेन. रंग न दिसणारा माणूस रंगीत चित्रांवर नाव कसं लावतो, असं कोणी म्हणालं तर त्याचं चुकणार नाही.

दादा


ग्रां बुआ
३० जुलै १९७८

दादा,

आधी प्रेमूचं सांगते.

काल दुपारी मामंजी जरा आडवे झाले होते. मी त्याला टेबलापाशी बोलावलं. आला, पण रंगाचं काही करायला सांगेन म्हणून अंग चोरून. मी ठसा ठेवला. "काय दिसतं?"

"पाणी."

"आणखी?"

"पाण्यात लाटा. खालची वाळू." मग माझ्याकडे बघून घाबरला. "आणखी असायला पायजे का?"

मी त्याचं बोट धरलं आणि कागदावर ठेवलं. शाई जाड लावली होती ना, ती वाळून उंच झालीय. तो बोट फिरवायला लागला. एका फांदीवरून गेला, ती फुटली तिथं थांबला, मग दुसरं बोट लावलं आणि दोन्ही फांद्यांवरून दोन बोटं नेली. डोळे मिटून. "आई, हितं झाड हाय!" म्हणाला. "कोणी लपवलं?"

कोणी लपवलं नाही राजा, म्हटलं. तुझ्या मामालाही ते दिसत नाही. त्यावर जे हसू त्याच्या तोंडावर आलं, ते मी जूननंतर पाहिलं नव्हतं. रात्री यांना विचारत होता, "मामाला पण मिस्येनं मारलं का?"

आता दुसरं. मी घरात सगळं सांगितलं, तुझ्या पत्रातलं जसंच्या तसं. हे समजले. मामंजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तुझ्या माहेरचं." बस, एवढंच. आधी पोरगा खोटारडा होता, आता सून सदोष. दादा, तुझी आकृती बरोबर असेल, पण तिच्यात मधे मी उभी आहे हे तुझ्या लक्षात आलं का? चुलीपाशी उभी राहून मी विचार करत होते, मी त्याला काय काय दिलं, आणि हेही मीच दिलं.

मामंजींना समजवायला येऊ नकोस. शब्दांनी ते आणखी घट्ट होतात. यायचं तर शाळेसाठी ये.

आणि तुझं नाव काढायचं म्हणतोस. वेडा आहेस का? कोरलं कोणी? प्रवाळ असं फुटतं हे मला कोणी दाखवलं? मला राग एकाच गोष्टीचा आहे. मी तुला चित्रांमागून चित्रं पाठवत होते आणि तू एकटा बसून ती ओळखायची परीक्षा देत होतास. एक शब्द सांगायचास ना.

इंद्राणी


रोझ हिल
१५ ऑगस्ट १९७८

इंदू,

काल प्रेमचंदच्या शाळेतून निघालो तेव्हा शेवटची बस गाठायची होती, म्हणून तुमच्या घरी न येता परस्पर परत आलो. इंद्रदेवनी थोडक्यात सांगितलं असेल, पण ते दाराबाहेर थांबले होते. आत काय झालं ते ऐक.

मिस्ये वाईट माणूस नाही. थकलेला आहे. मी सूक्ष्मदर्शक, डोळ्याचा पडदा वगैरे सांगायला लागलो तर तो मान हलवत वह्या तपासत राहिला. मग म्हणाला, "मिस्ये चंद्रमोहन, प्रत्येक आईबापाला आपल्या पोराचं कारण सापडतं."

मी बोलणं थांबवलं. म्हटलं, "एक मेहरबानी करा. लाल खडू घ्या आणि फळ्यावर मनाला येईल ते लिहा."

त्यानं लिहिलं. फळा बराच वापरलेला, धुळीनं माखलेला.

"वाचा," तो म्हणाला.

"तुमचा हात डावीकडून उजवीकडे गेला. शब्द लांब नसावा. याहून मला काही सांगता येत नाही."

त्याला वाटलं मी भाचरासाठी सोंग करतोय. जवळ आला, माझ्या डोळ्यांत बघितलं. "तुम्ही तर सायन्स शिकवता!"

"हो. आणि हाच धडा दर वर्षी शिकवतो. स्वतःबद्दल आजच पहिल्यांदा बोलतोय, तेही तुमच्यासमोर."

तो फळ्यापाशी परत गेला. मग पिवळा खडू घेतला आणि आधीच्या अक्षरांवरूनच पुन्हा गिरवलं. हळूहळू शब्द उगवला: बोंजूर. मी वाचला. त्यानं माफी मागितली नाही, इंदू, तशी अपेक्षा ठेवू नकोस. पण टेबलावरचे लाल खडू उचलून खिशात टाकले, आणि मी दारापर्यंत गेल्यावर म्हणाला, "त्याचं अक्षर वर्गात सगळ्यात चांगलं आहे."

घरी आल्यावर दोघींनाही सांगून टाकलं. पुष्पावती आधी खूप हसली, "तरीच तो शर्ट!" म्हणाली, मग बाहेर जाऊन डोळे पुसून आली. आईला वाटलं होतं त्याहून जास्त लागलं. फक्त म्हणाली, "मग बाबाही वेडे नव्हते."

तू लिहिलेलं, आकृतीत मधे तू उभी आहेस, ते मनात घर करून आहे. मी ती आकृती इतकी वर्षं काढली. त्यातल्या बाईला कसं वाटत असेल हे एकदाही मनात आलं नाही. उद्यापासून वर्गात तेही सांगीन. तू त्याला सुंदर अक्षर दिलंस, बोटं दिलीस. हे आजाचं होतं, तुझ्या हातून नुसतं पुढे गेलं.

दादा


रोझ हिल
१ ऑक्टोबर १९७८

इंदू,

प्रदर्शनाला आलात, बरं वाटलं. इंद्रदेव प्रवाळापुढून हलायलाच तयार नव्हते. बाबूराव येणार नाहीत हे मी धरूनच चाललो होतो. तुम्ही गेल्यावर नगरपालिकेचे लोक पुढच्या वर्षीही भरवा म्हणाले.

मी एक धाडस केलंय. सोबतचं पुडकं उघडशील तेव्हा त्यात ठोकळे आहेत आणि शाईचे डबेही. या वेळी शाई मी कालवली आहे. पितोंला मित्राकडे गेलो होतो, तिथल्या उंचवट्यावरून उसाच्या ओळी बघितल्या. शेतात काळ्या दगडांची रास आली की ओळ वळसा घालून पुढे जाते, फळीवर गाठीभोवती रेषा वळतात तशी. ते कोरलं, आणि मला जसं दिसलं तसा रंग लावला. कोणालाही न विचारता. आयुष्यात पहिल्यांदा.

तुला एकच विनंती. शाईत एक थेंबही मिसळू नकोस. जशी आहे तशी छाप, कितीही चुकीची वाटली तरी.

दादा


ग्रां बुआ
१४ नोव्हेंबर १९७८

दादा,

छापलं. थेंब मिसळला नाही, पण हात किती वेळा आवरला ते मलाच ठाऊक.

खरं सांगते, पहिला कागद सोलला तेव्हा मी हसले. दगड काळे, डोंगर निळा, तिथवर ठीक. पण ऊस? सगळा ऊस मातकट, जुन्या मधासारखा, त्यावर पिवळे तुरे. मला वाटलं डबे बदलले. मग हसू थांबलं. मी कागद भिंतीला लावला आणि समोर पाटावर बसले. दादा, तू आणि माझं लेकरू रोज इथून चालता होय? हा तर आपला मुलूखच नाही. तरी दगडाभोवती वळणारी प्रत्येक ओळ आपली आहे. मी किती तरी वेळ बसून राहिले. सुंदर आहे रे. वेगळंच काहीतरी शांत आहे त्यात.

मामंजी पाणी प्यायला आत आले. बघितलं, जवळ गेले. प्रवाळाकडे त्यांनी कधी मान वळवली नव्हती, पण हे उसाचं होतं, आणि उसात त्यांचा जन्म गेलाय. म्हणाले, "ऊस असा असतो? हा तर वाळून मेलेला ऊस."

मी काही बोलणार इतक्यात प्रेमू शाळेतून आला. दप्तर टाकलं आणि सरळ चित्रापुढे. मी श्वास धरला. या वेळी त्याला बोटं लावावी लागली नाहीत. एकेक थर दाखवत गेला, "हे दगड. हा डोंगर. ही पायवाट. हे तुरे." काहीच सुटलं नाही त्याच्या नजरेतून. आणि मग त्या मातकट उसावर हात ठेवून म्हणाला, "आणि ही हिरवी पात."

मामंजी म्हणाले, "काय म्हणालास? ही हिरवी?"

"हिरवीच तर हाय, आजा." त्याला त्यांच्या विचारण्याचं नवल वाटलं. "आपल्या बाहेरच्या कारोतल्या उसासारखी. तुला नाय दिसत?"

मामंजींनी दारातून बाहेर शेताकडे बघितलं. मग चित्राकडे. मग पुन्हा बाहेर. इतका वेळ की पोरगा घाबरून माझ्याजवळ सरकला. मला वाटलं आता काहीतरी कडवट येणार. त्यांनी पेला खाली ठेवला, त्याच्यापुढे हात केला आणि म्हणाले, "चल. बाहेर चल. मला सगळं दाखव, तुला काय काय कसं दिसतं ते."

ते दोघं मघाशीच गेले. मी खिडकीपाशी बसून हे लिहितेय. मामंजी एक पान तोडतात, त्याच्या हातात देतात, विचारतात. तो सांगतो. मग ते पान परत घेऊन स्वतः उजेडात धरून बघतात. आता वाकून त्यांनी माती उचललीय. ऊन उतरलं, भात कधीचा झालाय, हाक मारायला पाहिजे. पण ते अजून पहिल्याच ओळीत आहेत, आणि मला हाक मारवत नाही.

इंद्राणी